लख्खमावशींची कोरी थाळी

दिवसातून वीस वेळा त्यांच्या तोंडून एकच शब्द यायचा. बाटली कशी झाली? लख्ख. चाळणी? लख्ख. खिडकीची काच? ती तर लख्खच हवी. त्यामुळे पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना लख्खमावशी म्हणत. समोर मावशी आणि पाठीमागे लख्खमावशी असं सुरुवातीला होतं. पुढे पाठीमागचं नाव समोर आलं आणि मावशींनीही त्याला हरकत घेतली नाही. माणसाला नाव ठेवायचंच असेल तर लोक यापेक्षा वाईट ठेवतात.

शहराच्या पंपघरामागे एक दुमजली इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर मावशी सव्वीस वर्षं काचेची भांडी धूत होत्या. यात काय मोठंसं, असं वाटणाऱ्याने त्यांच्याकडे एक दिवस उमेदवारी करावी. साबणाचा हात एकदा, साधं पाणी तीनदा, गाळलेलं पाणी तीनदा. मग बाटली उजेडात धरायची आणि आतून ओघळणारा थेंब बघायचा. थेंब सरळ खाली आला तर बाटली पास. वाटेत अडखळला तर तिथे काहीतरी चिकटलेलं आहे, बाटली परत पाण्यात. मावशींच्या हातून परत पाण्यात गेलेल्या बाटल्या मोजल्या असत्या तर एखादं दुकान भरलं असतं.

घरीही तोच खाक्या. नवरा बसचालक होता, आता निवृत्त. आयुष्यभर धूळ आणि धूर खाल्लेला माणूस, त्याला भांड्यावरच्या डागाचं सोयरसुतक नव्हतं. पाणी प्यायला की तो पेला तिथेच ठेवायचा आणि मावशी मागून तो उचलायच्या. "माझं लग्न बाईशी झालं नाही, घासणीशी झालं," असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा. पाहुणे हसायचे. मावशी पाहुण्यांचेही पेले उचलून न्यायच्या.

तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत नव्या मॅडम आल्या. वय असेल तिशीचं, अंगाने काडी, आणि बोलणं इतकं भरभर की अर्धे शब्द त्या स्वतःच गिळायच्या. शहराच्या मधोमध मोठं तळं होतं. त्या तळ्यात प्लॅस्टिकचे किती बारीक कण आणि धागे आहेत, हे मॅडमना मोजायचं होतं.

"केवढे बारीक?" मावशींनी विचारलं.

"डोळ्यांना दिसणार नाहीत इतके."

"दिसत नाही ती घाण कसली हो, मॅडम?"

मॅडमनी त्यांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. मावशींनी एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला. पांढऱ्या कागदावर एक निळा धागा वेटोळं घालून पडला होता. मॅडमनी सुई तापवून त्याला टेकवली. धागा आक्रसला आणि वितळून ठिपका झाला. "सुती असता तर जळून गेला असता," मॅडम म्हणाल्या. "हा प्लॅस्टिकचा. कुणाच्या तरी ब्लँकेटचा किंवा स्वेटरचा. कपडा धुतला की असे हजारो सुटतात, गटारातून तळ्यात जातात आणि तिथेच राहतात. कुजत नाहीत, विरघळत नाहीत. मासे गिळतात."

इतक्या वर्षांत आपल्याला न दिसलेली घाण असू शकते ही गोष्ट मावशींना चांगलीच झोंबली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या खोलीतला प्लॅस्टिकचा मग, टोपली, ब्रश सगळं जिन्याखाली नेऊन टाकलं. घरून येताना सुती कपडे, वर सुती अ‍ॅप्रन, डोक्याला सुती रुमाल. मॅडम खूश झाल्या. सूत जुळलं ते तिथून.

कामाची घडी बसली. सोमवारी मॅडम तळ्याच्या काठाने आठ जागी फिरून आठ बाटल्या भरून आणायच्या. मंगळवारी मावशी आपल्या छोट्या खोलीत ते पाणी गाळायच्या. खाली पंप गुरगुरायचा, वरच्या काचेच्या नरसाळ्यातून पाणी उतरायचं आणि गोल पांढऱ्या कागदावर गाळ राहायचा. कागद काचेच्या डबीत बंद करून त्या शेजारच्या खोलीत मॅडमच्या टेबलावर ठेवायच्या. बुधवारी मॅडम धागे मोजायच्या.

भिंतीवर मॅडमनी लिहिलेले चौदा नियम चिकटवलेले होते. नववा नियम असा होता: गाळण्याचं काम चालू असताना शुद्ध पाण्याची एक थाळी शेजारी ठेवावी, शेवटी तेही पाणी गाळावं. या थाळीला मॅडम कोरी थाळी म्हणायच्या. का ठेवायची, हे मावशींनी विचारलं नाही. नियम आहे ना, मग ठेवायची. त्या थाळी धुवायच्या, शुद्ध पाणी ओतायच्या आणि वर काचेचं झाकण ठेवायच्या. शुद्ध पाणी उघडं ठेवायचं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. लहानपणी पाण्याचं भांडं उघडं राहिलं तर आईचा धपाटा पाठीत बसायचा. धपाट्याने शिकलेलं माणूस विसरत नाही. दिवसभराचं काम संपलं की झाकण काढायचं, पाणी गाळायचं, कागद डबीत.

आणि कोरीचा आकडा दर आठवड्याला यायचा शून्य. एकदाही चुकला नाही.

"मावशी, कमाल आहे तुमची!" मॅडम म्हणायच्या. "बाकीच्या प्रयोगशाळांत पाच येतात, दहा येतात. आपल्याकडे शून्य. मी सगळीकडे सांगते, आमच्या मावशींची खोली म्हणजे आरसा आहे."

मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. घरी जाऊन त्या नवऱ्याला सांगायच्या, "आजही शून्य." नवरा म्हणायचा, "शून्य मिळालं म्हणून नाचणारी तू पहिलीच."

तीन वर्षं अशी सुखात गेली. मावशींच्या निवृत्तीला चार महिने राहिले आणि साहेबांच्या टेबलावर एक पत्र आलं. खात्री करण्यासाठी तळ्याच्या तिसऱ्या जागेचं पाणी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं, त्याचा निकाल होता. त्याच पाण्यात आपल्याकडे चौदा धागे निघाले होते. त्यांच्याकडे तीन.

चौदा आणि तीन! साहेब मॅडमना बोलले ते बंद दाराआड, पण त्या इमारतीतल्या दारांना कान होते. दुपारपर्यंत खालच्या मजल्यावर कुजबुज सुरू झाली, की बाईंना नाव कमवायचंय, म्हणून आकडे फुगवले. सहा आठवड्यांनी पाहणी समिती येणार होती. तळ्यात पडणाऱ्या नाल्यांना जाळ्या बसवायच्या की नाहीत, हे ती ठरवणार होती. आकडेच खोटे ठरले तर जाळ्यांचा विषय संपला आणि मॅडमची अब्रूही गेली.

मॅडमनी भिंग तपासलं, चाळण्या तपासल्या, बाटल्या बदलल्या. जेवणाचा डबा न उघडताच घरी परत न्यायला लागल्या. "बाहेरून काही पडत असेल का?" असं त्या स्वतःलाच विचारायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, "पण कोरी तर शून्य आहे." मावशींना ते बघवेना. त्या आणखी जोराने बाटल्या घासायला लागल्या, तेवढंच त्यांच्या हातात होतं.

पुढच्या मंगळवारी कॉलेजच्या दोन मुली काम बघायला आल्या. मॅडम त्यांना घेऊन मावशींच्या खोलीत शिरल्या तेव्हा मावशींनी थाळीत नुकतंच पाणी ओतलं होतं आणि झाकण हातात घेतलं होतं.

"ही आमची कोरी थाळी," मॅडम मुलींना म्हणाल्या. "काम चालू असताना ही उघडी असते. हवेतून जे धागे नमुन्यात पडतात, तितकेच हिच्यातही पडतात. मग हिच्यातले मोजायचे आणि नमुन्यातून वजा करायचे. आमची कोरी शून्य येते, म्हणजे या खोलीच्या हवेत एकही धागा नाही."

मुलींनी लिहून घेतलं. मावशींनी झाकण पाठीमागे नेलं. तोंडात मारल्यासारखं झालं होतं त्यांना. तीन वर्षं त्या थाळीत काही पडू नये म्हणून त्या जिवाचा आटापिटा करत होत्या, आणि थाळीचं कामच मुळी पडलेलं पकडायचं होतं. म्हणजे हवेतले सगळे धागे नमुन्यात जात होते आणि तळ्याच्या नावावर मांडले जात होते. मॅडमनी खोटं काही केलं नव्हतं. खोटं शून्य मावशींच्या हातचं होतं. अति तिथे माती म्हणतात ती अशी.

मॅडम मुलींना घेऊन गेल्या. मावशींनी त्या दिवशी थाळी झाकली नाही.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकताना जेवायचा थांबला नाही, पण हळू जेवला.

"कुणी पाहिलं का?"

"नाही."

"मग झालं तर. आजपासून झाकू नकोस. आकडे आपोआप सुधारतील, बाईंचंही भलं, तुझंही. चार महिने राहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ नाही हो, थाळी झाकली मी."

"तेच ते."

"आणि मागच्या तीन वर्षांचं काय? लोक त्यांना खोटारडी म्हणतायत. माझ्यामुळे."

नवरा उठला. पेला स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवला, यावरून तो विचारात आहे हे मावशींना कळलं. सकाळी त्या निघताना तो दारापर्यंत आला.

"बस चालवायचो तेव्हा एकदा भरल्या गाडीने चुकीचं वळण घेतलं होतं," तो म्हणाला. "सांगितलं नाही कुणाला. पुढे रस्ता बंद आहे असं ठोकून दिलं आणि वळसा घालून आणली गाडी. एक बाई सारखी घड्याळ बघत होती. तिचा चेहरा अजून आठवतो मला. तू सांगून टाक."

मावशी थेट मॅडमच्या टेबलापाशी गेल्या. बसल्या नाहीत. "मॅडम, कोरी थाळी मी झाकून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. कालच कळलं, उघडी ठेवायची असते."

ते मॅडमच्या डोक्यात उतरायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"तीन वर्षं, मावशी?"

"हो."

"तीन वर्षं मी ते शून्य मिरवत होते?"

मॅडम उठून निघून गेल्या. दुपारपर्यंत आल्या नाहीत. मावशींची पाचावर धारण बसली होती. एक बाटली त्यांनी सात वेळा धुतली आणि आठव्यांदा हातातून निसटून फुटली. सव्वीस वर्षांतली पहिली नव्हती ती, पण त्या दिवशी तसंच वाटलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडम आल्या त्या सरळ भिंतीवरच्या नियमांपुढे उभ्या राहिल्या. नवव्या नियमावर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"यात 'उघडी' लिहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हे काय सांगायला लागतं का?"

"आणि मला वाटलं, झाकायचं हे काय सांगायला लागतं का?" मावशी म्हणाल्या.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मावशी आधी रडल्या आणि मग हसल्या. शेवटी दोघींनी पेन घेऊन नवव्या नियमात तो शब्द घातला.

आदल्या दिवशी उघड्या राहिलेल्या थाळीचा कागद मॅडमनी लगेच भिंगाखाली घेतला. अकरा धागे. त्यातले सात निळे. दोघींनी एकाच वेळी मान वळवून गाळण्याच्या खोलीकडे पाहिलं. तिथे खिडकीला निळा पडदा होता, नायलॉनचा. मावशी तो दर महिन्याला धुऊन, झटकून परत लावायच्या.

"काढते," म्हणत मावशी उठल्या.

"थांबा! आता नाही काढायचा. जुने आकडे कितपत चुकले हे कळायला खोली होती तशीच हवी. चार आठवडे राहू दे."

ते चार आठवडे मावशींनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. घाण करणारी वस्तू डोळ्यांसमोर लटकतेय आणि तिला हात लावायचा नाही! त्या पडद्याकडे पाठ करून काम करायच्या. चारही आठवडे कोरीत अकराच्या आसपास धागे आले, एखादा कमी, एखादा जास्त.

मग मॅडमनी वजाबाकी केली. तिसऱ्या जागेचे चौदा, वजा अकरा, उरले तीन. दुसऱ्या शहराचा आकडाही तीन. मॅडमनी कागद हातात घेऊन मावशींच्या खोलीपर्यंत धाव घेतली. मावशींचा जीव भांड्यात पडला, पण खरी गंमत पुढेच होती. आठ जागांपैकी सात जागा आतापर्यंत तेरा ते सोळाच्या घरात असायच्या आणि चौथी जागा चोवीस. सगळीकडेच घाण, चौथीकडे जरा जास्त, असा त्याचा अर्थ लावला जायचा. आठही नाल्यांना जाळ्या लावणं कुणाला झेपेना, म्हणून फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. आता वजाबाकीनंतर सात जागी दोन ते पाच उरले. चौथ्या जागी तेरा. चौथ्या जागेला कुठला नाला मिळतो हे शहरात कुणालाही विचारा. ब्लँकेटं आणि चादरी धुण्याच्या मोठ्या कारखान्याचा.

"हवेतल्या धाग्यांनी चौथी जागा झाकून टाकली होती," मॅडम म्हणाल्या. तीन वर्षांचा जुना अहवाल त्यांनी स्वतःच बाद केला. साहेबांना ते आवडलं नाही. मॅडमनी ऐकलं नाही.

समिती आली ती चार जणांची, आणि मावशींच्या खोलीत तीनच जण मावत होते. त्यामुळे एकाने दारातूनच डोकावलं. पुढे होते पांढऱ्या मिशांचे एक अभियंता साहेब. त्यांनी मॅडमचा कागद खालून वर आणि वरून खाली वाचला.

"म्हणजे तीन वर्षं चुकीचं मोजलंत," ते म्हणाले. "ही चूक केली कोणी?"

"पद्धत लिहिण्यात माझ्याकडून..." मॅडमनी सुरुवात केली.

"मी केली," मावशी मधेच म्हणाल्या. नरसाळं हातात तसंच होतं. "थाळी मी झाकायचे."

"आणि हे नवे आकडे? हे पाणी कोणी गाळलं?"

"मीच."

"अहो, मग यांच्यावर तरी विश्वास का ठेवायचा आम्ही?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मावशींनी नरसाळं खाली ठेवलं आणि ओले हात अ‍ॅप्रनला पुसले.

"साहेब, ज्याची चूक सापडली त्याच्यावरच ठेवायचा," त्या म्हणाल्या. "ज्याची सापडलेली नाही, त्याचं काय सांगता येतं?"

दारातला माणूस हसला. मिशांचे साहेब हसले नाहीत, पण त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मॅडमना विचारलं की चौथ्या नाल्याची जाळी किती बारीक लागेल.

जाळी बसली. पहिल्याच आठवड्यात तिच्या पिशवीतून भिजलेल्या मांजराएवढा राखाडी गोळा निघाला. कारखान्याचा मालक तो हातात घेऊन बघतच राहिला. "हे आमचं?" त्याने तीनदा विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्यालाही दिसलं नव्हतं, इतकंच.

मावशींनी जाण्याआधी पडदा काढला, खिडकीच्या काचेला कागद लावला आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना थेंब कसा बघायचा ते शिकवलं. मग त्या निवृत्त झाल्या. घरी बसायची सवय नव्हती, पण लागत गेली.

दोन महिन्यांनी एका दुपारी त्या जेवणाची भांडी घासत असताना मॅडमचा फोन आला. नवऱ्याने तो त्यांच्या कानाशी धरला, कारण हात साबणाचे होते.

"मावशी, चौथ्या जागेचा आकडा आला. आठ!"

"वजा करून?"

"नाही, वजा करायचे आहेत अजून."

"कोरीत किती आले?"

"तीन."

"शून्य नाही ना? नीट बघितलंत?"

"नाही हो, मावशी. तीन आहेत. मी स्वतः मोजले."

"मग पाच," मावशी म्हणाल्या. "आणि खरे पाच."

नवऱ्याने फोन बाजूला ठेवला. बायकोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि साबणाच्या हातांनी तिला ते पुसता येत नव्हतं. "काय झालं गं?" त्याने घाबरून विचारलं.

"तळं बरं होतंय," त्या म्हणाल्या. मग हात धुतले, भांडी होती तशी अर्धी घासलेली टाकली आणि त्याच्या शेजारी येऊन बसल्या.